‘जुनं सगळं आठवतं’ हा दाखला नव्हे

पार्किन्सनचा रुग्ण असलेल्या घरी पाहुणा गेला की चहाबरोबर एक वाक्य हमखास पुढे येतं. ‘‘हात कापतात, चालणं मंदावलंय, पण डोकं तल्लख आहे हो! साठ वर्षांपूर्वीचं काहीही विचारा, तारीखवार सांगतील.’’ पाहुणा उठून गेला की त्याच घरात दुसरं वाक्य ऐकू येतं. ‘‘शाळेतल्या मास्तरांची नावं आठवतात आणि सकाळची गोळी घेतली का ते आठवत नाही? सोयीचं तेवढं बरं लक्षात राहतं!’’

पहिल्या वाक्यात कौतुक आहे, दुसऱ्यात आरोप. दोन्हींच्या पोटात गृहीतक मात्र एकच आहे: जुन्या आठवणी शाबूत, म्हणजे बुद्धी शाबूत. नातेवाइकांनी असं मानलं तर समजू शकतं. पण दवाखान्यातही ‘‘जुनं आठवतं ना? मग वयाचा परिणाम आहे, काळजी करू नका,’’ असं सांगून केसपेपर मिटवला जातो, तेव्हा त्या गृहीतकाला वैद्यकशास्त्राचा शिक्का मिळतो. हे गृहीतक कोणत्याही डिमेन्शियाच्या, म्हणजे रोजचा व्यवहार अडवणाऱ्या बौद्धिक ऱ्हासाच्या, बाबतीत चुकीचं आहे आणि पार्किन्सनच्या बाबतीत तर दुप्पट चुकीचं आहे, एवढंच मला इथे मांडायचं आहे. पण ‘एवढंच’ म्हटलं तरी त्यापायी घरोघरी वर्षं वाया जातात, नको ती औषधं पोटात जातात आणि एखाद्या प्रामाणिक माणसावर सोंगाचा ठपका बसतो.

या समजुतीचं मूळ फार जुनं आहे. जेम्स पार्किन्सन हा लंडनच्या हॉक्स्टन भागात व्यवसाय करणारा डॉक्टर. १८१७ साली त्याने ‘थरथरत्या लकव्या’वर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. आधार सहा रुग्णांच्या निरीक्षणांचा, आणि त्यातलेही काही त्याला रस्त्यात भेटलेले किंवा लांबून दिसलेले. कंप, पुढे झुकलेली मान, पळत सुटल्यासारखी चाल हे सगळं त्याने इतक्या नेमकेपणाने टिपलं की आजही ते वर्णन पटतं. मात्र व्याख्या करताना त्याने एक गोष्ट जोडून टाकली: ज्ञानेंद्रियांना आणि बुद्धीला या आजाराचा धक्का लागत नाही. रस्त्याने जाणाऱ्या माणसाची चाल दिसते. त्याचा हिशेब चुकतो आहे, बोलता बोलता धागा सुटतो आहे, हे दिसत नाही. पुढे पॅरिसमध्ये ज्या शार्कोने या आजाराला पार्किन्सनचं नाव मिळवून दिलं, त्यानेच बुद्धी शाबूत राहण्याचा हा दावा खोडून काढला. नाव टिकलं, दुरुस्ती मात्र विस्मरणात गेली. दोनशे वर्षं उलटली तरी ‘पार्किन्सन म्हणजे हातापायाचा आजार’ हेच आपल्या बैठकीच्या खोलीतलं ज्ञान आहे. कंपवात हे आपलं नावही कंपाकडेच बोट दाखवतं.

वस्तुस्थिती काय आहे? १९१२ साली फ्रेडरिक लेवी याला पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूतल्या पेशींमध्ये विशिष्ट गोळे सापडले. आज आपण त्यांना लेवी बॉडी म्हणतो. अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन साचून ते तयार होतात. सुरुवातीला ते प्रामुख्याने मेंदूच्या देठात आणि हालचालींशी संबंधित भागांत असतात. पण आजाराला तिथेच थांबण्याचं बंधन नाही. मेंदूच्या बाह्य थरापर्यंत तो पसरला की विचार, लक्ष, जागेचं भान आणि स्मृती यांवर परिणाम होतो. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी इथे पार्किन्सनच्या रुग्णांचा तब्बल वीस वर्षं पाठपुरावा करण्यात आला. वीस वर्षांनंतर जे हयात होते, त्यांतल्या ८३ टक्के लोकांना डिमेन्शिया झालेला होता. हा आकडा घाबरवणारा आहे आणि तो एकटाच पुढे करणं अन्यायाचं ठरेल. २०२४ साली दोन रुग्णगटांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात निदानानंतर दहा वर्षांनी डिमेन्शिया असण्याची शक्यता एका गटात सुमारे ९ टक्के आणि दुसऱ्यात २७ टक्के निघाली. म्हणजे प्रत्येकाला होतो असं नाही, लवकर होतो असंही नाही. पण ‘पार्किन्सनमध्ये डोक्याला काही होत नाही’ या विधानाला यातला कुठलाच आकडा आधार देत नाही.

आता मूळ गृहीतकाकडे वळू. जुन्या आठवणी टिकून असणं हे बुद्धी ठणठणीत असल्याचं लक्षण आहे का? फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो याने १८८१ सालीच स्मृतीच्या आजारांवरच्या ग्रंथात मांडून ठेवलं होतं की स्मृती ढासळते ती अलीकडून पलीकडे. कालचं आधी जातं, बालपणीचं शेवटी. अल्झायमरच्या रुग्णांत बऱ्याच अंशी हेच दिसतं. नातवाचं नाव जातं आणि लहानपणीच्या मैत्रिणीचं राहतं. म्हणजे ज्या गोष्टीकडे बोट दाखवून आपण ‘आजार नाही’ म्हणतो, तीच या आजाराची ओळखीची खूण आहे! लांबचं लख्ख आणि जवळचं पुसट असा फरक दिसू लागला तर निर्धास्त होण्याऐवजी तपासणीला जायला हवं. रोग्याने स्वतःहून दाखवलेलं लक्षण आपण तो निरोगी असल्याचा पुरावा म्हणून स्वीकारतो. याहून उलटा न्याय कोणता?

आणि मुळात आपण ज्याला जुनी आठवण म्हणतो ती असते काय? लग्नात पंगतीत झालेला घोटाळा, पहिली नोकरी, वडिलांनी दिलेला मार. या गोष्टी शेकडो वेळा सांगून झालेल्या असतात, घरातल्या सुनांनाही तोंडपाठ असतात. त्या पुन्हा सांगता येणं ही पाठांतराची करामत असू शकते. त्या दिवसातली न सांगितलेली एखादी गोष्ट विचारा, दोन घटनांचा क्रम विचारा, मग परीक्षा सुरू होते. आपण परीक्षाच घेत नाही आणि पहिला नंबर जाहीर करून मोकळे होतो.

आतापर्यंत बोललो ते अल्झायमरचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून. पार्किन्सनमधल्या डिमेन्शियाची तऱ्हाच निराळी. २००७ साली मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीच्या तज्ज्ञगटाने त्याच्या निदानाचे निकष ठरवले. त्यात बुद्धीची चार क्षेत्रं पाहिली जातात: लक्ष, कामाचं नियोजन आणि अंमलबजावणी, जागेचं व आकारांचं भान, आणि स्मृती. स्मृती चारांतली एक. पहिली तीन ढासळली असतील तर स्मृती बऱ्यापैकी असतानाही डिमेन्शिया असू शकतो. म्हणजे ज्या एकाच खिडकीतून आपण डोकावतो आहोत, आग कदाचित तिच्या बाजूला लागलेलीच नाही.

स्मृतीचा बिघाडही वेगळ्या प्रकारचा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे बऱ्याचदा आडात पाणी असतं, पोहराच खाली पोचत नाही. बाजारातून आणायच्या पाच भाज्या सांगा आणि अर्ध्या तासाने विचारा, दोन आठवतात. ‘‘एक पालेभाजी होती ना?’’ म्हटलं की ‘‘हां, मेथी!’’ असं उत्तर येतं. असा इशारा मिळाला की पार्किन्सनच्या रुग्णाला पुष्कळदा आठवतं. अल्झायमरच्या रुग्णाला इशाऱ्याचाही फारसा उपयोग होत नाही, कारण तिथे गोष्ट मुळात साठवलीच गेलेली नसते. हा फरक सुरीने कापल्यासारखा स्वच्छ नाही. पार्किन्सनमध्येही काहींच्या बाबतीत साठवणच कच्ची होते, आणि दोन्ही आजार एकाच मेंदूत नांदू शकतात. तरीही घरच्यांच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे. इशारा दिल्यावर आठवलं याचा अर्थ ‘‘बघा, आठवत होतं, मघाशी मुद्दाम सांगितलं नाही’’ असा नसतो. स्वतःहून आठवणं आणि आठवण करून दिल्यावर ओळखणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत आणि त्यातलं पहिलं बिघडलेलं आहे. सोंगाचा आरोप नेमका या फटीत जन्म घेतो.

आता त्या ‘तारीखवार’ शब्दाचा समाचार घेऊ. पुण्यातल्या ऐंशी ओलांडलेल्या कुणाचंही उदाहरण घ्या. पानशेतच्या पुराचा विषय काढा. पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं, कुणाच्या माडीवर रात्र काढली, ओसरल्यावर घरात किती चिखल होता, धान्याच्या कोठीचं काय झालं, सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. ऐकणारा थक्क होतो. आता वेगळा प्रश्न विचारा. पानशेत फुटलं तेव्हा महाराष्ट्र राज्य झालेलं होतं का? कोयनेचा भूकंप त्याच्या आधीचा की नंतरचा? तुमच्या थोरल्या बहिणीचं लग्न पुराआधी झालं की पुरानंतर? राज्य झालं १ मे १९६० ला, पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. सनावळी कुणालाच धड आठवत नाही, तो मुद्दाच नाही. पण आयुष्यातल्या मोठ्या घटनांचा मागचापुढचा क्रम साधारण माणसाला लागतो. पार्किन्सनच्या काही रुग्णांना नेमका तो लागत नाही. चित्रं एकेक स्वच्छ, पण माळ तुटलेली.

ही माझी कल्पना नव्हे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये सुझान कॉर्किन यांच्या गटाने १९८८ साली अल्झायमर आणि पार्किन्सनच्या रुग्णांच्या दूरच्या स्मृतीची तुलना केली. प्रसिद्ध घटनांची चित्रं दाखवून ती काय आणि ती कधीची, असे दोन्ही प्रश्न विचारले. पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये घटना ओळखण्यापेक्षा तिचा काळ सांगण्यातली चूक ठळक निघाली. त्याच दशकात झालेल्या आणखी एका अभ्यासात असं दिसलं की पार्किन्सनमध्ये डिमेन्शिया आला की दूरच्या आठवणींचं नुकसान वेगवेगळ्या दशकांवर साधारण सारखं पसरतं. अल्झायमरसारखा ‘जितकं जुनं तितकं पक्कं’ असा चढ त्यात दिसला नाही. या अभ्यासांतले रुग्ण मूठभर होते हे खरं. पण त्यातून एक गोष्ट नक्की निघते. ‘जुनं सर्वांत शेवटी जातं’ हा नियम अल्झायमरकडून उसना आणून पार्किन्सनला लावण्याचा आपल्याला अधिकार नाही. इथे जुन्यालाही धक्का लागतो. फक्त तो कुठे लागतो ते शोधावं लागतं.

आणखी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे, कारण तो आपली सगळी मांडणी पालथी घालतो. बार्बरा नोल्टन, जेनिफर मँगल्स आणि लॅरी स्क्वायर यांनी १९९६ साली रुग्णांना एक खेळ खेळायला दिला. पत्त्यांसारखी कार्डं दाखवायची आणि त्यांवरून पाऊस पडेल की ऊन, ते ओळखायला सांगायचं. नियम कुणी सांगत नाही. खेळता खेळता अंदाज बसत जातो. ज्यांची घटना लक्षात ठेवण्याची शक्ती गेलेली होती असे स्मृतिलोपाचे रुग्ण हा अंदाज शिकले, पण खेळाबद्दल प्रश्न विचारल्यावर त्यांना फारसं सांगता आलं नाही. पार्किन्सनच्या रुग्णांचं अगदी उलट: खेळाचा तपशील व्यवस्थित सांगितला, पण अंदाज काही बसला नाही. म्हणजे स्मृती नावाची एकच गोष्ट नाही. ‘काय घडलं’ हे एक खातं सांभाळतं आणि ‘सवयीने कसं जमतं’ हे दुसरं. पार्किन्सन आधी दुसऱ्या खात्याला हात घालतो. आपण मात्र पहिल्या खात्याचं पासबुक बघून शिल्लक भरपूर असल्याचा निर्वाळा देतो.

स्वयंपाकघरात हे फार स्पष्ट दिसतं, बघणाऱ्याला दिसलं तर. जन्मभर होळीला पुरणपोळ्या केलेली बाई. कृती विचारा: हरभऱ्याची डाळ किती, गूळ किती, जायफळ कधी किसायचं, खडान्‌खडा सांगेल. ओट्याशी उभी करा. डाळ शिजली, पण कटासाठी पाणी काढायचं राहिलं. गूळ घातला की नाही ते कळेना म्हणून पुन्हा घातला. तोवर कणीक तिंबायची राहून गेली आणि गॅसवरचा तवा रिकामाच तापून लाल झाला. घरचे म्हणतात, ‘‘हाताला कंप आहे ना, म्हणून जमत नाही.’’ कंपाने पोळी लाटताना फाटेल. गूळ दोनदा पडणार नाही. तिला कृती आठवते, पण चार कामं एकाच वेळी हाकण्याची, पुढचं पाऊल ठरवण्याची, मध्येच लक्ष वळवून परत आणण्याची यंत्रणा थकली आहे. हा बुद्धीचा बिघाड आहे आणि ‘आईला सगळं आठवतं’ या वाक्याने तो झाकला जातो.

झाकला गेला तर बिघडतं काय? पुष्कळ. पहिलं नुकसान औषधांचं. कंप कमी करण्यासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची जुनी गोळी आपल्याकडे आजही लिहून दिली जाते. स्वस्त आहे, कंपाला गुण येतो. ती काम करते ॲसिटाइलकोलिन या रसायनाला अडवून. पार्किन्सनमधल्या डिमेन्शियात मेंदूत आधीच तुटवडा असतो तो याच रसायनाचा. म्हणजे हात स्थिर होतो आणि डोक्यातला गोंधळ वाढतो. लघवीच्या तक्रारीसाठी दिलेली ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी वा दुखण्यासाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन, सर्दी-खाजेवरच्या काही जुन्या गोळ्या यांचाही कल त्याच दिशेचा. वयस्कर पार्किन्सन रुग्णाला अशा दोन-तीन गोळ्या एकत्र मिळत असतील, तर विसरण्याचा काही भाग आजाराचा नसून प्रिस्क्रिप्शनचा असतो. तेवढं नुकसान भरून काढता येतं. पण त्यासाठी कुणीतरी दवाखान्यात सांगावं लागतं की गेल्या वर्षभरात गोंधळ वाढलाय. ‘डोकं एकदम तल्लख’ असं सांगितल्यावर डॉक्टर गोळी कशाला बदलेल? (मनाने एकही गोळी एकदम बंद करू नये, हे इथेच सांगून ठेवतो, तेही अंगाशी येतं.)

दुसरं नुकसान भासांचं. पार्किन्सनमध्ये, विशेषतः डिमेन्शियाच्या उंबरठ्यावर, नसलेली माणसं, लहान मुलं, कुत्री-मांजरं दिसू लागतात. संध्याकाळी कोपऱ्यात दोन पोरं बसलेली दिसतात. रुग्ण शांतपणे सांगतो, घर हादरतं. स्मरणशक्ती उत्तम असलेला माणूस सांगतोय, म्हणजे काहीतरी बाहेरचंच असणार! मग दृष्ट, नारळ, अंगारा. त्यातून वाचलाच आणि भडकून उठला, तर एखाद्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन. पार्किन्सनच्या रुग्णाला ते घातक ठरू शकतं: शरीर ताठरतं, गिळता येईनासं होतं, माणूस अंथरुणाला खिळतो. भास हे या आजाराचं माहीत असलेलं लक्षण आहे आणि त्यावर तुलनेने सुरक्षित औषधंही आहेत, हे ठाऊक असतं तर दोन्ही टळलं असतं.

तिसरं नुकसान पैशाचं आणि मानाचं. अक्षर बारीक होत गेल्याने बँकेत सही जुळत नाही, हे हाताचं दुखणं झालं. पण एकच बिल दोनदा भरणं, फोनवरच्या अनोळखी माणसाला ओटीपी सांगणं, मुदत ठेव कुठे ठेवली याचा पत्ता नसणं, हे निर्णयशक्तीचं. घरच्यांना ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो, कारण ‘नानांचं सगळं लक्ष असतं’ या भरवशावर कुणी लक्ष दिलेलं नसतं.

या मांडणीवर काही आक्षेप येतात आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा: ‘वय झालं की माणूस विसरणारच; प्रत्येक विसरण्याला आजाराचं लेबल कशाला?’ खरं आहे. नाव पटकन न आठवणं, चष्मा शोधत बसणं याला आजार म्हणू नये. साठी बुद्धी नाठी ही आपली जुनी समजूत. पण भारतातल्या साठीपुढच्या लोकांचं मोठं सर्वेक्षण करून २०२३ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. उरलेल्या नव्वदहून अधिक टक्क्यांना तो नाही. मग तो वयाचा धर्म कसा? वय हा धोका आहे, कारण नव्हे. रोजचा व्यवहार अडू लागला की ‘वयोमान’ हे उत्तर पुरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ‘निदान करून उपयोग काय? औषध तर नाहीच. उलट माणूस खचेल.’ आजार मागे फिरवणारं औषध नाही, हे कबूल. पण रिव्हॅस्टिग्मिनची चाचणी पार्किन्सनच्या डिमेन्शियावरच झाली. ५४१ रुग्ण, २४ आठवडे, निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध. ठळक सुधारणा औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्क्यांत आणि औषधाविना साडेचौदा टक्क्यांत. मळमळ होते, काहींचा कंप वाढतो. चमत्कार नाही, पण शून्यही नाही. त्याहून मोठा फायदा वेगळाच आहे. तपासणीला गेल्यावर आधी शोधली जातात ती भरून येणारी कारणं: बी-१२ ची कमतरता, जी शाकाहारी घरांत नवी नाही, थायरॉईड, रक्तातलं सोडियम, नैराश्य, ऐकू कमी येणं, पडल्यानंतर डोक्यात साचलेलं रक्त, लघवीचा जंतुसंसर्ग. गोंधळ दोन-चार दिवसांत अचानक वाढला असेल तर तो बहुतेकदा डिमेन्शिया नसून असं काहीतरी असतं आणि त्यावर तातडीने इलाज होतो. निदानच नको म्हणणारा माणूस या सगळ्यांवर पाणी सोडतो.

तिसरा आक्षेप रुग्णांच्या बाजूने येतो आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘एकदा डिमेन्शिया म्हटलं की आमच्याशी कुणी बोलतच नाही. आमच्या देखत आमच्याविषयी बोलतात.’ ही भीती अगदी रास्त आहे, पण तिचं मूळही त्याच गृहीतकात आहे. आठवण म्हणजेच बुद्धी असं एकदा मानलं की तिसरी शक्यता उरत नाही: एक तर तल्लख, नाही तर ‘गेलेले’. पार्किन्सनच्या रुग्णाचा विचार बऱ्याचदा मंद झालेला असतो, संपलेला नसतो. प्रश्न विचारून आपण तीन सेकंदांत उत्तर मागतो आणि न आल्यास बाजूला बसलेल्या सुनेकडे वळतो. थोडं थांबलो तर उत्तर येतं. शिवाय एकाच दिवसात चढउतार असतात. सकाळी गोंधळलेला माणूस दुपारी चोख व्यवहार करतो. कायद्यालाही हे माहीत आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या ५९ व्या कलमानुसार, एरवी मन थाऱ्यावर नसणारी व्यक्तीही ते थाऱ्यावर असलेल्या काळात मृत्युपत्र करू शकते. कायद्याला जे समजतं, ते घराला समजायला हरकत नसावी. ‘सकाळी येत नव्हतं, आता कसं येतं?’ हा प्रश्न सोंग पकडल्याच्या थाटात विचारला जातो. खरं तर तो आजाराचा स्वभाव आहे.

राहता राहिला डॉक्टरांचा वाटा. सर्रास वापरली जाणारी तीस गुणांची एमएमएसई ही चाचणी तारीख, ठिकाण, तीन शब्द लक्षात ठेवणं यांवर भर देते. नियोजन आणि अंमलबजावणी तिच्यात फारशी तपासलीच जात नाही. पार्किन्सनचा रुग्ण तिच्यात चांगले गुण मिळवून बाहेर येऊ शकतो आणि घरी जाऊन गॅस चालू ठेवू शकतो. घड्याळ काढायला लावणारी, आकडे-अक्षरं क्रमाने जोडायला सांगणारी मोका चाचणी या कामाला जास्त योग्य आहे, आणि तीही रुग्णाचं शिक्षण व भाषा बघूनच. पण चाचणीच्या आधी येतो तो प्रश्न, आणि तो बदलायला पैसे पडत नाहीत. ‘जुनं आठवतं का?’ हे विचारणं बंद करावं. त्याऐवजी विचारावं: गोळ्यांच्या वेळा ते स्वतः सांभाळतात का? ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का? दोघं-तिघं बोलत असताना संभाषणात राहतात का? पैशाचा व्यवहार गेल्या वर्षीसारखा होतो का? स्वयंपाक, पूजा, वाण्याची यादी, पूर्वी एकहाती होणारं कुठलं काम हल्ली अर्धवट राहतं? नसलेलं काही दिसतं का? झोपेत ओरडतात, लाथा झाडतात का? दिवसातल्या दिवसात फार फरक पडतो का? ही उत्तरं जुळवून ‘डिमेन्शिया’ म्हणणं घरच्यांचं काम नाही. ती डॉक्टरपुढे ठेवणं मात्र त्यांचंच काम आहे, कारण दहा मिनिटांच्या भेटीत रुग्ण कंबर कसून उत्तम बोलतो आणि डॉक्टरला तेवढंच दिसतं.

पुण्या-मुंबईत पार्किन्सनच्या रुग्णांचे आणि शुभंकरांचे, म्हणजे त्यांची काळजी घेणाऱ्यांचे, गट आहेत. तिथे व्यायाम होतो, गाणी होतात, चालण्याचे धडे मिळतात. बुद्धीच्या बदलांविषयी तिथेही मोकळेपणाने बोललं जायला हवं, आणि ते आजार बळावल्यावर नव्हे, तर निदानाच्या पहिल्या वर्षापासून. ज्याला हे व्हायचं आहे की नाही हे अजून ठरलेलं नाही, अशा माणसालाच आपली इच्छा, आपले व्यवहार, आपल्यामागे कुणी काय बघावं, हे शांतपणे सांगता येतं. ‘नको तो विषय’ म्हणून आपण ती संधी त्याच्याकडून काढून घेतो आणि पुढे त्याच्या वतीने निर्णय घेताना त्याला काय हवं होतं याचे तर्क करत बसतो.

जुन्या आठवणींचं कौतुक जरूर करावं. त्या ऐकाव्यात, नातवंडांना ऐकवाव्यात. फक्त पुढच्या तपासणीला जाताना ते कौतुक घरी ठेवावं, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात आणि सहा महिन्यांपूर्वी जमत होतं ते आज काय जमत नाही, याची यादी रुग्णासमोर, त्याच्या संमतीने, डॉक्टरच्या टेबलावर ठेवावी. डॉक्टरने ती न वाचताच ‘‘जुनं आठवतं ना?’’ असं विचारलं, तर नम्रपणे पण ठामपणे सांगावं: आठवतं, पण आम्ही त्यासाठी आलेलो नाही.